काल्याच्या कीर्तनानंतरची चौदा मिनिटं

रहिमतपूर
रविवार, २ नोव्हेंबर २०२५

इलाही,

पाकिटात एक डिस्क आहे. पत्र फाडायचं असलं तर फाड, पण डिस्क आधी लाव. तिच्यात चाची आहे, तुझी अम्मा.

पत्ता नईमकडून घेतला. दिवाळीआधी कोरेगावच्या स्टँडवर भेटला. मी त्याला ओळखलंच नाही, त्यानंच "नाथाकाका" म्हणून हाक मारली. उभा राहिला की अगदी तुझ्यासारखा एका पायावर भार टाकतो. घरात डिस्क लावायला काही आहे का, असं मी विचारलं तर हसला. म्हणाला, "अब्बांचा प्लेअर मरतोय कुठं? शुक्रवारी कव्वाली लागतीच. रिमोट हरवलाय, पेन्सिलीनं बटण दाबत्यात." मोबाईलवर पाठवलं असतं, पण तू मला ब्लॉक केलं आहेस. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तसंही ही वस्तू बोटानं सरकवून बघायची नाही, असं मला वाटलं.

आता मुद्द्याचं. अम्मा गेल्यावर, त्यांच्या चाळिसाव्या दिवसानंतर तू माझ्याकडे बहिणीच्या, जीनतच्या लग्नाची तिसरी कॅसेट मागायला आला होतास. मी म्हणालो, बुरशी लागली, टाकून दिली. ते खरं नव्हतं. कीर्तनाच्या एका कॅसेटच्या शेवटी त्या लग्नाचा तुकडा शिल्लक आहे, तो मला गेल्या महिन्यात सापडला. चौदा मिनिटं आहेत. पाठवणी झाल्यानंतरची. चाची जेवायला बसली आहे.

मी आता हायस्कूलच्या ऑफिसात असतो. सकाळी पूजा झाली की तासभर लोकांच्या जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देतो. आपल्या स्टुडिओतला व्हीसीआर अजून चालतो. बाकी ठीक.

नाथाजी

*

रहिमतपूर
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

इलाही,

डिस्क परत आली. बरोबर वहीच्या कागदाची चिठ्ठी: "फाईल कॉपी केलीस. डीव्हीडी केली न्हाईस. प्लेअर नुसता गरगरतोय. इसरलास काय सगळं."

तेरा वर्षांत तुझ्याकडून आलेले हे पहिले शब्द. ती चिठ्ठी मी तुझ्या वहिनीला दाखवली. बनुबाई म्हणाली, "शिव्या तर दिल्या न्हाईत. मग बरंच हाय की." नंतर म्हणाली, "पत्रं कसली लिवताय? सांगलीला तासाला यष्टी हाय." यष्टीत बसून तुझ्या दारात उभा राहिलो असतो, तर पहिल्या वाक्यालाच माझी जीभ टाळ्याला चिकटली असती. कागदावर निदान खोडता येतं.

तुझं बरोबर आहे. घाईत फाईल जशीच्या तशी डिस्कवर टाकली. कॉम्प्युटरवर चालली, म्हणून झालं असं वाटलं. लोकांची कामं करताना मी अशी चूक करत नाही. फाईल आधी प्लेअरला कळेल अशा रूपात बदलायची, मग डिस्क लिहायची, सगळ्यात कमी वेगानं, आणि शेवटी ती बंद करायची, म्हणजे कुठल्याही प्लेअरला उघडता येते. या वेळी तसंच केलं. देवळातल्या टीव्हीवर लावून बघितली. तुझ्या प्लेअरवर चालेल.

टेपही मशीनमध्ये घालण्याआधी उन्हात ठेवली नाही. सावलीत दोन दिवस ठेवली, मशीनचं टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसलं, टेप पुढे मागे पूर्ण फिरवून सैल केली. हे तूच शिकवलं होतंस. बुरशी लागलेली कॅसेटसुद्धा पुसून चालवता येते, हेही तूच शिकवलं होतंस. म्हणून तर त्या दिवशी तू मला म्हणालास, "बुरशीला घाबरून कॅसेट टाकणारा माणूस माझ्या हाताखाली तयार झालेला न्हाई." आणि मग विचारलंस, "टाकलीस कुठं?"

मी आपल्या स्टुडिओच्या मागच्या उकिरड्याकडे बोट केलं. तू बाह्या वर करून उकिरड्यात उतरलास. दुपारचं ऊन होतं. राख, खरकटं, फुटक्या बाटल्या. तू हातानं उकरत होतास आणि मी कठड्यावर उभा राहून म्हणत होतो, "राहू दे रं, नगरपालिकेनं कवाच उचललं असंल." दोन वेळा आत जाऊन तुझ्यासाठी पाणी आणलं. कॅसेट त्या वेळी आपल्यापासून शंभर पावलांवर, देवळाच्या कपाटात होती.

ती पुसली गेली होती, इलाही. सप्ताहाचं काल्याचं कीर्तन तिच्यावर घेतलं गेलं. साल दोन हजार चार. नव्या कॅसेटी संपल्या होत्या, बुवा उभे राहिले होते, घाईत हाताला आली ती कॅसेट घेतली गेली. यंदा माघात आपल्या सप्ताहाला पन्नास वर्षं होतात, म्हणून मंडळींनी बुवांच्या कीर्तनाची डिस्क मागितली. पेनड्राईव्ह नको म्हणाले. डबीत घालून देवाच्या कपाटात ठेवता येईल अशी वस्तू पाहिजे. कीर्तन संपल्यावर सगळे टीव्ही बंद करतात. एकवीस वर्षं सगळ्यांनी तसंच केलं. मी उतरवून घेत होतो म्हणून मशीन चालू राहिलं, मी फुलं काढायला गेलो, आणि मागून चाचीचा आवाज आला, "नाथ्या."

हातातली परडी खाली पडली, एवढंच सांगतो.

नाथाजी

*

रहिमतपूर
रविवार, ३० नोव्हेंबर २०२५

प्रिय इलाही,

चिठ्ठी मिळाली. "चालली. पण अम्मा एवढी रुंद न्हवती. आणि सुरुवातीलाच कुणाचा तरी अर्धा शब्द ऐकू येतो. त्याच्या आदीचं कापलंस. ते पाठव."

रुंदीचं आधी सांगतो, ते सोपं आहे. जुनं चित्र चौकोनी असतं, आताचे टीव्ही आडवे. मी बदलताना ती खूण करायची विसरलो, म्हणून चाची दोन्ही बाजूंनी ताणली गेली. वाचून मला हसू आलं, आणि मग लक्षात आलं की तू बघितलंस. पूर्ण बघितलंस. तिच्या गालांची मापं तुला पाठ आहेत. या वेळी डिस्क नीट केली आहे. बाजूला काळ्या पट्ट्या दिसतील, त्या असू देत.

आता त्या अर्ध्या शब्दाचं.

तो शब्द तू पकडशील हे मला ठाऊक असायला हवं होतं. एका टेपवर दुसरं घेतलं की चित्र एका जागी बदलतं आणि आवाज जरा पुढे बदलतो. तो सांधा मी कापला होता, तरी शेपूट राहिलं. मागच्या पत्रात मी लिहिलं, "घेतली गेली", "घेतलं गेलं". माणूस असं लिहितो तेव्हा कर्ता लपवत असतो. शाळेत गुरुजींनी आपल्याला व्याकरण शिकवलं होतं, पण कर्ता लपवायला मी पुढे स्वतःच शिकलो.

सरळ लिहितो.

जीनतचं लग्न मी घेतलं, कारण तू नवरीचा भाऊ होतास, तुला कॅमेरा धरायला सवड नव्हती. पाठवणी झाली, गाडी गेली. तिसऱ्या कॅसेटमध्ये टेप उरली होती. तुला माहीत आहे, टेप वाया गेली की मला चैन पडायची नाही. मी मंडपामागे गेलो. स्वयंपाकाच्या डेगा रिकाम्या, माणसं कनाती उतरवत होती, आणि सगळ्यांचं झाल्यावर चाची एकटी ताट घेऊन बसली होती. जन्मभर कॅमेऱ्याकडे पाठ करणारी बाई. तिनं पदर तोंडावर घेतला, म्हणाली, "आता कशाला रं? लेक गेली. रडकं तोंड घेतोस व्हय?" मी हललो नाही. मग पदर खाली केला. "बरं घे एकदाचं. म्हातारी हुती म्हणून दावायला हुईल." आणि हसली.

पुढचं तू बघितलंच आहेस. ती विचारते, "नाथ्या, तू जेवलास का? तुझी आमटी येगळी ठिवलीया, चुलीच्या त्या अंगाला. कुणाचा डाव लागू दिला न्हाई तिला. आदी जेव, मग तुझं ते डबडं फिरीव." सहाशे माणसांचं जेवण उठलं त्या दिवशी, लेक सासरी गेली, आणि तिच्या डोक्यात एका माळकऱ्याचं भगुनं होतं.

मी उत्तर दिलं नाही. कॅमेरा धरणाऱ्याचा आवाज टेपवर यायचा नाही, हा तुझा नियम होता.

लग्न झालं, कॉपी जीनतच्या घरी सांगलीला गेली, मूळ कॅसेटी आपल्या कपाटात राहिल्या. आपली पद्धत तुला आठवते. कॉपी दिली, वर्ष उलटलं, की पुसली जाऊ नये म्हणून मूळ कॅसेटीच्या कडेचा मोडलेला चौकोन चिकटपट्टीनं बंद करायचा आणि तिच्यावर दुसरं घ्यायचं. गिऱ्हाइकाला सांगायचो, "मूळ आमच्याकडं हाय, काळजी करू नका." सगळेच स्टुडिओ तसं करायचे. जीनतच्या तीन कॅसेटी मात्र मी वेगळ्या बांधून ठेवल्या होत्या.

काल्याच्या दिवशी मी टाळ घेऊन उभा होतो, कॅमेरा तुझ्याकडे होता. बुवांनी निरूपणाला सुरुवात केली आणि तू खूण केलीस, कॅसेट नाही. मी स्टुडिओत पळालो. कपाटात वापरायच्या कॅसेटी खालच्या कप्प्यात होत्या, वरणाच्या डागाची ती जुनी पेटी होती ना, तिच्यात. ती ओढून, उघडून, चांगली टेप निवडायला पाच मिनिटं लागली असती. वरच्या कप्प्यात समोरच जीनतची होती. चांगली टेप, एकदाच वापरलेली. लेबलावर माझ्याच अक्षरात "जीनत – ३". मी ते वाचलं. घाईत हाताला आली नाही, वाचून घेतली. मनात म्हटलं, कॉपी आहे की तिच्याकडे, आणि हे देवाचं काम आहे. नखानं लेबल खरवडून काढलं, चौकोनावर चिकटपट्टी लावली, आणि पळत येऊन तुझ्या हातात दिली.

लेबल खरवडताना देवाचं नाव मनात आणलं, ते मला सगळ्यात जास्त टोचतं. एरवी मी त्याला कुठल्याच घाईत मध्ये घेत नाही.

पुढच्या वर्षी कृष्णेला पूर आला आणि जीनतची कॉपी गेली. तेव्हाच सांगायला हवं होतं. सात वर्षांनी तू मागायला आलास तेव्हा तरी. सांगितलं नाही, कारण सांगायचं तर सगळं सांगावं लागलं असतं, आणि त्यात हेही आलं असतं की बटण तू दाबलंस. अम्माला तुझ्याच हातानं पुसवून घेतलं मी. गेली तेरा वर्षं मी स्वतःला समजावत आलो की हे तुला कळू नये म्हणून गप्प आहे. त्यात थोडं खरं आहे. पण थोडंच.

म्हणून ते अर्धं मिनिट कापलं होतं. आता कापलेलं नाही. पाकिटात दोन डिस्का आहेत, त्यांत अख्खी कॅसेट आहे, कीर्तनासकट. तीन तास एका डिस्कवर बसवले असते तर चित्र फुटलं असतं. दोन भाग कुठे करायचे याचा विचार केला आणि कीर्तनाच्या मध्यावर तोडलं. सांध्याला हात लावला नाही. दुसऱ्या डिस्कवर एक तास तेवीस मिनिटांनी कीर्तन संपतं. बुवा हंडी फोडतात, लोक काल्यासाठी हात पुढे करतात, कॅमेरा हलतो, आणि तुझा आवाज येतो, "नाथ्या, झालं बघ. टेप उरलीया थोडी. ऱ्हाऊ दे." नियम तूच मोडलास. मग पांढरी रेघ, पडद्यावर मुंग्या, आणि मंडप.

माझ्या हातात कॅमेरा असता तर मी टेप संपेपर्यंत थांबलो नसतो. लोकांचे पाय, पत्रावळ्या, काहीही घेतलं असतं, आणि चाचीचं बोटभरही उरलं नसतं. दाबलंस तू. थांबवलंसही तूच.

तुझा
नाथाजी

*

रहिमतपूर
रविवार, २१ डिसेंबर २०२५

प्रिय इलाही,

पोस्टात चौकशी केली. पाकीट पाच तारखेला सांगलीला, माधवनगरात पोचलं, सही तुझी आहे. त्यानंतर दोन आठवडे झाले.

उत्तर मागत नाही. एवढंच कळव की डिस्क लागली. नाहीतर मला वाटत राहील की माझ्या कामात चूक राहिली, आणि तू पेन्सिलीनं बटण दाबत बसला आहेस.

खरं म्हणजे हेही पूर्ण खरं नाही. मला भीती वाटते की ती लागली.

रोज पूजेला बसतो. हात चालतात. गंध उगाळतो, फुलं वाहतो. डोळे मिटले की तू उकिरड्यात उतरलेला दिसतोस, आणि मी वर, हातात पाण्याचा तांब्या. मग डोळे उघडून तसाच बसतो. बनुबाईनं काल विचारलं, "देवाला इतकं काय बगताय, तो काय पळून चाललाय?" तिला मी सगळं सांगितलं, इलाही. तू सोडून हे आता एका माणसाला माहीत आहे. ती म्हणाली, "चाचीच्या घरची आमटी तुमी आपलं लगीन झाल्यावर बी वर्सभर सांगत हुता. मला वाटायचं, माझ्या हाताला चव न्हाई म्हणून." आणि उठून गेली.

नाथाजी

*

रहिमतपूर
रविवार, ४ जानेवारी २०२६

प्रिय इलाही,

तुझं कार्ड शुक्रवारी आलं. पोस्टमन स्वतः वाचून आला होता, म्हणाला, "कुणाची कॅसेट काय भानगड हाय गुरुजी?" ऑफिसातल्या माणसालाही हा गुरुजीच म्हणतो. मी कार्ड घेतलं आणि देवळाच्या पायरीवर बसून वाचलं. तू लिहिलेलं पुन्हा इथे उतरवतो, कारण मला ते लिहून बघायचं आहे.

"नाथ्या, माझा आवाज मी वळखला. दोन आठवडे रोज लावतोय. तू लिवलंस ते सगळं तुझं. आता माझं ऐक. त्या दिवशी कॅसेट आत ढकलताना चिकटपट्टी माझ्या बोटाला लागली. लेबल खरवडलेल्या जागी डिंक ओला हुता. कुणाचं तरी लगीन हाय हे मला कळलं. कुणाचं, ते इचारलं न्हाई. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं तरी असंल. बटण दाबलं. बुरशी म्हणालास तवा माझ्या मनात ती चिकटपट्टी आलती, पण मी उकिरडाच उकरत बसलो. तेच सोपं हुतं. बाकीच्या कॅसेटी ठेवल्यास का? त्यांचे शेवट बघितलेस का?"

"दुसऱ्या कुणाचं तरी" या शब्दांपाशी मी थांबलो. तेवढ्यावर आपला सगळा धंदा चालला होता.

कॅसेटी आहेत. तुझं कार्ड वाचून तसाच स्टुडिओच्या जुन्या खोलीत गेलो, कुलपाला तेल घातलं, कपाट उघडलं. चिकटपट्टी लावलेल्या सत्तावीस निघाल्या. वरती कबड्डीचे सामने, ग्यादरिंगं, कुणाची तरी एकसष्टी, बाकी सप्ताह. लेबलं सगळ्यांची खरवडलेली. अक्षर कुठेच नाही. पहिली घातली आणि थेट शेवटाला पळवली. कबड्डीचा सामना संपला, मुंग्या आल्या, आणि नऊ मिनिटं एक नवरा मुलगा रसवंतीच्या बाकावर एकटा बसलेला आहे, मुंडावळ्या बाजूला करून रस पितोय. कोण आहे ते मला ओळखता आलं नाही. तू ओळखशील. गावांची, सोयऱ्यांची तोंडं तुझ्या ध्यानात राहायची.

दुसऱ्या कॅसेटीला काहीच उरलं नव्हतं. शेवटपर्यंत सामना. त्या वेळी कॅमेऱ्यामागे कोण होतं हे मला माहीत आहे. तिथे मी होतो.

प्रत्येकाची डिस्क करायची आणि त्या त्या घरी जाऊन द्यायची, असं मनात आहे. ज्यांचं काही उरलं नाही, त्यांच्याकडेही जायचं. तिथे काय घेऊन जायचं, ते अजून सुचलेलं नाही. तिथे तू बरोबर असावास असं वाटतं. एकट्यानं गेलो तर मी पुन्हा बुरशी म्हणेन, माझा मला भरवसा नाही.

कार्डाच्या कडेला, जागा संपल्यावर, तू आडवं लिहिलं आहेस: "पंधराच्या पुढं रिकामा हाय. व्हीसीआरचं एक हेड हाय माज्याकडं, घिऊन येतो. वाट बगू नको."

वाट बघणार नाही. पण बनुबाईनं तूरडाळ निवडून ठेवली आहे, आणि मला विचारत होती की चाची आमटीत चिंच घालायची का आमसूल. मी सांगितलं, चिंच. नंतर शंका आली. तू आलास की सांग.

एक राहिलं. काल मी डिस्क लावली आणि चाचीनं विचारलं तेव्हा मोठ्यानं उत्तर दिलं. घरात कुणी नव्हतं. "न्हाई जेवलो अजून," म्हणालो. ती पुढचं बोलायला लागली, आमटीचं, चुलीच्या त्या अंगाचं, जसं काही माझं उत्तर ऐकूनच.

तेव्हा आलास की मशीनकडे बघायचं नाही. आधी जेवायचं. मग डबडं फिरवू.

तुझा
नाथ्या